त्यांना वाटलं, तो नायजेरियन आहे

१८ ऑक्टोबर २००७, गुरुवार. जोहान्सबर्गच्या दक्षिणेला रोझेटेनव्हिल नावाचं उपनगर आहे. रात्री आठ-साडेआठच्या सुमाराला एक माणूस आपल्या मुलांना नातेवाइकांच्या घरी सोडायला तिथे आला होता. गाडी क्रायस्लर ३००सी, म्हणजे रस्त्यावर नजरेत भरणारी. गाडी लुटायला आलेल्या टोळीने त्याला गाठलं आणि गोळ्या झाडल्या. जखमी अवस्थेत त्याने गाडी पुढे दामटली, पण थोड्याच अंतरावर ती झाडावर जाऊन आदळली. मारेकरी गाडी न घेताच पळून गेले. गाडीतला माणूस वाचला नाही. वय ४३. नाव लकी फिलिप डूबे.

रोमन लिपीतलं हे आडनाव वाचून आपल्याकडची माणसं त्याला हमखास ‘दुबे’ करतात. उत्तर प्रदेशाशी त्याचा काही संबंध नाही. झुलू भाषेत ‘इडूबे’ म्हणजे झेब्रा. आणि ‘लकी’ हे टोपणनाव नाही, खरंच ठेवलेलं नाव. आईची आधीची बाळंतपणं फसली होती, म्हणून हा जगला-वाचला हेच नशीब, असं समजून तिने ते ठेवलं. त्याच्या मृत्यूनंतर या नावावर कोटी करणारे मथळे जगभर छापून आले. पत्रकारांना असा मोह आवरत नाही. मला मात्र त्या मथळ्यांपेक्षा त्याच्या चाहत्यांनी त्या आठवड्यात आणि पुढे कित्येक वर्षं उच्चारलेलं एक वाक्य जास्त छळत आलं आहे. ते वाक्य असं: “तो कोण आहे हे त्यांना कळलं असतं, तर त्यांनी गोळी झाडली नसती.”

या वाक्याकडे यायच्या आधी त्या शहराबद्दल थोडं सांगायला हवं. २००६-०७ या एका वर्षात दक्षिण आफ्रिकेत १९ हजारांवर खून झाले. दिवसाला पन्नासहून जास्त. त्याच वर्षी चालत्या किंवा थांबलेल्या गाडीतून चालकाला शस्त्राच्या धाकाने उतरवून गाडी पळवण्याचे १३ हजारांवर गुन्हे नोंदले गेले. तिथले लोक याला सरळ ‘हायजॅकिंग’ म्हणतात. आपल्याकडे घाटात ‘अपघातप्रवण क्षेत्र’ अशी पाटी असते, तशा तिथे ‘हायजॅकिंगचा धोका’ सांगणाऱ्या पाट्या चौकाचौकांत दिसतात. घराच्या फाटकाशी थांबण्याचे काही सेकंद सर्वांत धोक्याचे, हे तिथे गाडी शिकताना क्लच-ब्रेकबरोबरच शिकवलं जातं.

डूबे गेला त्यानंतर दोन दिवसांनी, २० ऑक्टोबरला, पॅरिसमध्ये रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना होता. दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडला १५-६ असं हरवलं. अध्यक्ष थाबो म्बेकी त्या सामन्यासाठी फ्रान्सला निघाले होते, आणि निघता निघता डूबेच्या हत्येबद्दल दुःख व्यक्त करून, गुन्हेगारीच्या या अरिष्टाशी आपण सर्वांनी मिळून लढलं पाहिजे अशा आशयाचं बोलून गेले. शनिवारी रात्री त्याच देशाच्या रस्त्यांवर हिरवे-सोनेरी झेंडे घेऊन लोक नाचत होते. यात कुणाचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. रग्बी हा एके काळी गोऱ्यांचा मानला गेलेला खेळ आणि रेगे हे काळ्यांचं मानलं गेलेलं संगीत. दोन्ही सीमा ओलांडून एकमेकांत मिसळतील, हेच तर १९९४नंतरचं स्वप्न होतं. पण त्या आठवड्यात देशात आनंद आणि दुःख यांची दोन वेगळी घरं होती, हे नाकारता येत नाही.

डूबेचा जन्म १९६४चा, पूर्व ट्रान्सवालमधल्या एर्मेलोचा. आई कामासाठी बाहेरगावी, वडील सोडून गेलेले, वाढवलं आजीने. वर्णभेदी राजवटीच्या काळातल्या काळ्या कुटुंबांची ही जवळजवळ ठरावीक कहाणी आहे. बाप खाणीत किंवा शहरात, आई गोऱ्यांच्या घरी, मुलं म्हाताऱ्यांकडे. पुढे १९८९च्या ‘प्रिझनर’ या अल्बममध्ये ‘रिमेंबर मी’ नावाचं गाणं आलं. कामाच्या शोधात जोहान्सबर्गला गेलेला आणि परत न आलेला बाप हा त्याचा विषय. ते गाणं नैरोबीत, कंपालात, लागोसमध्ये ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही, कारण असा बाप आफ्रिकेतल्या प्रत्येक गावात होता.

सुरुवातीला तो रेगे गातच नव्हता. चुलतभाऊ रिचर्ड सिलुमाच्या मदतीने तो म्बाकांगा गायचा. म्बाकांगा म्हणजे मक्याच्या पिठाची रोजची साधी पेज, आणि त्यावरून नाव पडलेलं झुलू नाचगाण्यांचं लोकप्रिय संगीत. आपल्याकडे एखाद्या गानप्रकाराला ‘आंबील’ असं नाव पडावं तसं. या पेजेवर त्याचं बरं चाललं होतं. तबकड्या तीस हजारांच्या आसपास खपायच्या. १९८४मध्ये त्याने ‘रास्ताज नेव्हर डाय’ हा छोटा रेगे अल्बम काढला, तर तो जेमतेम चार हजार खपला. त्यावर सरकारने बंदीही घातली. कुठल्याही कंपनीने गायकाला परत पेजेकडे वळवलं असतं. डूबे आणि सिलुमा मागे हटले नाहीत. पुढचा रेगे अल्बम चालला, आणि १९८७च्या ‘स्लेव्ह’ने तर लाखांत खप गाठला.

‘स्लेव्ह’चं शीर्षकगीत दारूच्या गुलामीबद्दल आहे, वर्णभेदाबद्दल नाही. स्वतः डूबे दारू पीत नसे, सिगारेट ओढत नसे, आणि डोक्यावर जटा असूनही गांजापासून दूर होता. पण १९८७ साली, देशात आणीबाणी लागू असताना, एक काळा माणूस ‘मी गुलाम आहे’ या अर्थाचं काही गातो, तेव्हा ऐकणारे कुठल्या गुलामीचा विचार करतील हे उघड होतं. ही डूबेची खरी हुशारी. सेन्सॉरला एक गाणं ऐकू जायचं आणि लोकांना दुसरं. त्याचं इंग्रजीही सोपं होतं, दुसरी भाषा म्हणून शिकलेल्याचं. ज्यांची तीच स्थिती होती अशा कोट्यवधी लोकांना ते पहिल्या फटक्यात कळायचं. जमैकन रेगेतली पात्वा बोली आफ्रिकेतल्या खेड्यात निम्मी डोक्यावरून जाते, डूबेचं काहीही जात नाही. १९८६मध्ये या पठ्ठ्याने ‘ओम हान्सी’ असं नाव घेऊन आफ्रिकान्समध्ये, म्हणजे सत्ताधाऱ्यांच्या भाषेत, एक विनोदी अल्बमही काढला होता. कुठल्याही कुंपणाकडे पाहून त्याला उडी मारावीशी वाटायची, असं मला वाटतं.

१९९१मध्ये तो जमैकात रेगे सनस्प्लॅश महोत्सवात गायला. रेगेच्या माहेरी जाऊन रेगे गायचं, आणि तेही दक्षिण आफ्रिकेतून येऊन. प्रेक्षकांनी त्याला पुन्हा मंचावर बोलावून पंचवीसेक मिनिटं गायला लावलं. त्याच वर्षीच्या ‘हाउस ऑफ एग्झाइल’ अल्बममध्ये ‘ग्रुप एरियाज अ‍ॅक्ट’ हे गाणं आहे. १९५०चा हा कायदा, कुणी कुठे राहायचं हे कातडीवरून ठरवणारा. तो १९९१मध्ये रद्द झाला. रोझेटेनव्हिल या कायद्याखाली गोऱ्यांचं उपनगर होतं, पोर्तुगीज स्थलांतरितांची मोठी वस्ती असलेलं. (नॅन्डोज ही पेरी-पेरी चिकनची जगभर पसरलेली साखळी १९८७ साली इथल्याच एका छोट्या हॉटेलातून सुरू झाली.) म्हणजे ज्या रस्त्यावर डूबे मेला, त्या रस्त्यावर घर करायला त्याला सोळा वर्षांपूर्वी कायद्याने मनाई होती. कायदा गेला, त्याने त्यावर गाणं केलं, आणि मग त्या मोकळ्या झालेल्या रस्त्यावर, आपल्या नातेवाइकांच्या दारात, तो मारला गेला.

त्याच्या मृत्यूनंतर प्रत्येकाला १९९९चं ‘क्राइम अँड करप्शन’ हे गाणं आठवलं. गुन्हेगारीकडे डोळेझाक करणाऱ्या सत्ताधाऱ्यांना जाब विचारणारं, घराबाहेर पडलेल्या माणसाच्या भीतीबद्दल बोलणारं गाणं. त्याने स्वतःचं मरण आधीच पाहिलं होतं, असं चाहते म्हणू लागले. मला हे पटत नाही. दिवसाला पन्नास खून होणाऱ्या देशात असं गाणं लिहायला द्रष्टेपण लागत नाही, रोजचा पेपर पुरतो. उलट त्याला द्रष्टा केलं की बाकीचे एकोणपन्नास आपोआप मागे पडतात.

रेगेच्या इतिहासात अशा हत्या कमी नाहीत. डिसेंबर १९७६मध्ये बॉब मार्लीवर त्याच्याच घरात गोळीबार झाला. तो बचावला आणि दोन दिवसांनी मैफलीत गायला. एप्रिल १९८७मध्ये मार्लीच्या ‘वेलर्स’चा ढोलकवादक कार्लटन बॅरेट किंग्स्टनमध्ये घराबाहेर मारला गेला. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला पीटर टॉश गेला. टॉश हा डूबेचा आदर्श, डूबेच्या सुरावटींत आणि ठसक्यात तो स्पष्ट ऐकू येतो. टॉशच्या घरी तिघे हत्यारबंद माणसं आली. त्यांतल्या एकाला तुरुंगातून सुटल्यावर टॉशनेच मदत केली होती. पैसे मागितले, पैसे नव्हते, आणि शेवटी टॉशसकट तिघांचा जीव गेला. त्या ओळखीच्या माणसाला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे १९९५मध्ये जन्मठेपेवर आली. उरलेले दोघे सापडलेच नाहीत. दोन वर्षांनी ‘प्रिझनर’ अल्बममध्ये डूबेने ‘रेगे स्ट्राँग’ गायलं. रेगेच्या प्रेषितांना मारून रेगे मरत नाही, असा त्याचा सूर. त्याच अल्बममधल्या ‘वॉर अँड क्राइम’मध्ये वर्णभेद, युद्ध आणि गुन्हेगारी यांना एकाच खड्ड्यात गाडायची हाक आहे.

टॉशला मारणारा त्याला ओळखत होता. त्यामुळे टॉशच्या चाहत्यांना निदान रागवायला एक चेहरा मिळाला: खाल्ल्या घरचे वासे मोजणारा. डूबेच्या चाहत्यांना तोही मिळाला नाही. पोलीस तपासात आणि खटल्यात जे पुढे आलं ते असं: मारेकऱ्यांना आपण कुणाला मारलं हे माहीतच नव्हतं. त्यांना वाटलं होतं, तो नायजेरियन आहे. २००९मध्ये जोहान्सबर्गच्या न्यायालयाने तिघांना दोषी ठरवून जन्मठेप दिली. फाशीची मागणीही त्या काळात पुन्हा जोरात झाली होती, पण ती शिक्षा तिथल्या घटनापीठाने १९९५मध्येच रद्द केली होती.

आता ते वाक्य पुन्हा पाहा. “तो कोण आहे हे त्यांना कळलं असतं, तर…” शोकात बुडालेल्या माणसाला हे वाक्य आधार देतं. आपल्या लोकांनी त्याला मारलं नाही, अंधाराने मारलं. त्याची गाणी ज्यांच्या घरात वाजत असणार, त्यांचा हात त्याच्यावर जाणूनबुजून उठला नाही. मी हे समजू शकतो. पण त्याच वाक्याची दुसरी बाजू अशी, की तो खरोखरच नायजेरियन असता तर? लागोसहून आलेला कुणी व्यापारी, जटा वाढवलेला, चांगली गाडी बाळगणारा, मुलांना सोडायला आलेला? तर राष्ट्राध्यक्षांनी विमानतळाकडे जाताना काही बोलायचं कारण नव्हतं. तो त्या दिवशीच्या पन्नासांतला एक झाला असता. हळहळ ‘चुकीचा माणूस मेला’ याची होती, आणि चुकीचा माणूस आहे म्हटलं की बरोबर माणूसही असतो.

आणि नायजेरियात तर डूबेवर जीव टाकणारे लोक होते. त्याचे चाहते आफ्रिकाभर होते, प्रशांत महासागरातल्या पापुआ न्यू गिनीपर्यंत आणि ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींपर्यंत पसरले होते. पण नायजेरियन चाहत्याला त्या बातमीबरोबर जो घाव बसला असेल, तो निराळा. आपला गायक गेला, आणि आपण समजून गेला.

मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. पुण्यात आफ्रिकन विद्यार्थी बऱ्याच वर्षांपासून येतात: टांझानिया, केनिया, सुदान, युगांडा, कुठून कुठून. माझ्या वर्गात दोघे टांझानियन होते, आणि डूबे मी त्यांच्याच खोलीवर पहिल्यांदा ऐकला होता, घासून घासून आवाज पातळ झालेल्या कॅसेटवर. बातमी आली त्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटवर पंधरा-वीस जण जमले. आपल्याकडे दुखवट्याच्या घरात रेडिओसुद्धा बंद ठेवतात. इथे उलटं होतं. गाणी लावलेली, कुणी गुणगुणत होतं, कुणी गप्प, मध्येच दोघं उठून संथ नाचत होते. रास्ता परंपरेत मरणाचा उच्चार टाळतात, प्रेतापासून लांब राहतात. जमलेल्यांत रास्ता कुणीच नव्हतं, बहुतेक ख्रिस्ती आणि मुसलमान होते, पण त्या संध्याकाळी ‘रास्ताज नेव्हर डाय’ या नावाचा अर्थ मला पहिल्यांदा लागला. नऊच्या सुमाराला सोसायटीचे एक पदाधिकारी वर आले. दार मी उघडलं. मराठी चेहरा पाहून त्यांना हायसं वाटलं असावं. म्हणाले, “काय हो, या नायजेरियनांचं काय चाललंय?” मी म्हटलं, “काका, यांच्यात नायजेरियन कुणीच नाही, टांझानियाचे आहेत. एक गायक वारलेत.” ते म्हणाले, “तेच ते.” आवाज कमी करायला सांगून गेले. वाईट माणूस नव्हे. गणपतीत याच मुलांना आरतीला बोलवायचे.

खटल्यातली ती ‘नायजेरियन’ची गोष्ट मी पुढे वाचली, तेव्हा हे ‘तेच ते’ कानात वाजलं. आपल्याकडे काळा माणूस म्हणजे नायजेरियन, आणि नायजेरियन म्हणजे ड्रग्ज, हे समीकरण इतकं पक्कं आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही. २०१३मध्ये गोव्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीजवळ हमरस्ता अडवला, आणि राज्यातल्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कॅन्सरची उपमा दिली. चर्चा मग मेलेल्याची झाली नाही, रस्ता अडवणाऱ्यांची झाली.

दक्षिण आफ्रिकेत हे समीकरण तयार होण्यामागे इतिहास आहे. १९९४नंतर सीमा उघडल्या. झिम्बाब्वे, मोझांबिक, काँगो, नायजेरिया इथून लोक आले. वर्णभेदाने ज्यांना घर, शाळा, धंदा काहीच दिलं नव्हतं अशा काळ्या वस्त्यांच्या शेजारीच ते राहू लागले, दुकानं टाकू लागले. स्वातंत्र्याने काय दिलं, असा प्रश्न विचारायचा, तर उत्तर द्यायला गोरा मालक आता समोर नव्हता, तो उंच भिंतींआड गेला होता. समोर होता परदेशी दुकानदार. त्याला शब्दही तयार झाला, ‘माक्वेरेक्वेरे’: ज्यांची भाषा नुसती बडबड वाटते असे ते. दूरदेशी मजुरीला गेलेल्या बापाबद्दल गाणाऱ्या देशातच दुसऱ्या देशांहून मजुरीला आलेले बाप शत्रू ठरले.

डूबे गेल्यावर सात महिन्यांनी, ११ मे २००८ रोजी, जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीतून परदेशी लोकांवर हल्ले सुरू झाले आणि देशभर पसरले. एका मोझांबिकी मजुराला जिवंत जाळलं, त्याचं छायाचित्र जगाने पाहिलं. माणूस आपला की परका हे ठरवायला जमाव एक परीक्षा घ्यायचा: कोपराला झुलूत काय म्हणतात, सांग. ‘इंडोलोल्वाने’ हा शब्द आला नाही, तर संपलं. त्या दिवसांत ६२ माणसं मेली. त्यांतली २१ दक्षिण आफ्रिकेचीच नागरिक होती. कुणाचा रंग जास्त काळा होता, कुणाची भाषा उत्तरेकडची होती, कुणाला शब्द आठवला नाही. त्यांनाही परके समजूनच मारलं होतं.

डूबेला तो शब्द अर्थातच आला असता. झुलू ही त्याची मायबोली. पण त्याला कुणी विचारलंच नाही.

त्याची स्मरणसभा जोहान्सबर्गच्या न्यूटाउनमध्ये झाली आणि दफन क्वाझुलू-नाताळमध्ये न्यूकॅसलजवळच्या त्याच्या शेतावर. त्याची मुलगी नुकुली डूबे आज स्वतः रेगे गाते, देशोदेशी जाऊन गाते. बापाची गाणीही तिच्या मैफलींत असतात. ‘टुगेदर अ‍ॅज वन’ हे १९८८चं गाणं लोक अजून फर्माईश करून ऐकतात. वर्णभेदाच्या काळात ते काळ्या-गोऱ्यांबद्दल होतं. आता तेच गाणं लागोसमध्ये लागलं, तर ऐकणारा त्यात जोहान्सबर्गला गेलेल्या आपल्या भावाची काळजी ऐकत असणार.